चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

छोटी एसयूव्ही घ्यायची असेल तर नवशिक्याने सर्वप्रथम ‘आपल्याकडचे रस्ते बघता...’ असं वाक्य घरात अर्धवट सोडायला शिकावं. उरलेलं घरचे पूर्ण करतात. अधूनमधून लडाखचं नाव घ्यावं. गाडी पुढची दहा वर्षं कोथरूड ते हिंजवडी एवढीच फिरणार आहे, हे या टप्प्यावर बोलू नये.

मग तक्ता करायला बसा. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर. व्हेन्यू ३९९५. सॉनेट ३९९५. कायलॅक ३९९५. भारतीय, कोरियन आणि चेक कंपन्यांना एकच साक्षात्कार झाला, असं समजू नका. २००६ सालापासून चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा हिशोब असा: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. थोडक्यात, तुमच्या डिकीत किती बॅगा मावणार हे दिल्लीत अर्थखात्याने ठरवलं आहे. ब्रेझाची तऱ्हा निराळी. लांबी तीच ३९९५, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे बिचारी थोरल्यांच्या पंगतीत बसून ४० टक्के भरते.

फोर बाय फोरबद्दल सेल्समनला जरूर विचारा, प्रश्न भारदस्त वाटतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात, म्हणजे उंच टाचांची हॅचबॅकच ती. चारही चाकं खरोखर चालवायची असतील तर जिम्नी किंवा तीन दारांची थार घ्या, आणि मागे बसणाऱ्यांची आधीच माफी मागा.

आता सोसायटीच्या पार्किंगकडे वळा. इथे घाई नको, कारण शोरूममध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलिमीटर आहे, तीही बाजूचे आरसे सोडून. तुमच्या एका अंगाला खांब आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची गाडी असेल, तर ड्रायव्हरचं दार किती उघडेल ते टेप लावून बघा. पोट आत घेण्याचा सरावही आत्ताच सुरू करा. यांत्रिक पार्किंग असेल तर प्रकरण आणखी गंभीर. कित्येक इमारतींतले कप्पे सेडानच्या उंचीचे असतात आणि नेक्सॉन १६२० मिलिमीटर उंच आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात फक्त ‘कार पार्किंग’ लिहिलेलं असतं. कुठली कार, ते कप्प्यावरच्या पाटीवर मिळेल. पाटी वाचा, टपावरच्या रेलिंगसकट गाडी मोजा आणि मगच बुकिंगचा चेक फाडा.

सुरक्षेचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. २०१८ मध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही आहे. पण गाडीला पाच तारे आहेत म्हणून मागे पट्टा न लावता बसायची मुभा मिळते, असा एक गोड समज पसरला आहे. तसं कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. सासूबाईंसह चौघांना बसवा, एसी लावा आणि गाडी एखाद्या चढावर नेऊन थांबवून पुन्हा उचला. सनरूफचं कौतुक मुलं करतील, तुम्ही इंजिनाचा आवाज ऐका.

किंमत विचाराल तेव्हा एक्स-शोरूम आकड्यावर खूश होऊ नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १३. शिवाय विमा. तो डीलरकडूनच घेतला पाहिजे असं सांगतील, तेव्हा हसून बाहेरचं कोटेशन पुढे करा.

दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असेल तर अवश्य गाठा, नारळ-लिंबाची सोय शोरूमवाले करतात. फक्त त्याआधी यार्डात जाऊन गाडीच्या उत्पादनाचा महिना बघून घ्या. आरसीवर तोच छापला जातो, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी तोच विचारतो.