बकेटवाले काका

सकाळी सव्वासहाला गोल्फच्या सरावाच्या रेंजवर गेलात तर डावीकडून तिसऱ्या मॅटवर एक गृहस्थ दिसतील. डोक्यावर पांढरी टोपी, डाव्या हातात मोजा, मागच्या खिशात वही आणि पायाशी पन्नास बॉलची बकेट. तिसरीच मॅट का? तर पहिल्या दोन मॅटवर उभं राहिलं की शंभर यार्डांवरचं एक झाड नजरेत येतं. त्या झाडाला आजवर त्यांचा एकही बॉल लागलेला नाही, पण ते "डोक्यात बसतं", असं त्यांचं म्हणणं. गोल्फच्या कोर्सवर झाडं असतात, आणि तीही बरीच असतात, हे त्यांना सांगायला जाऊ नये. त्यांना ते माहीत आहे. म्हणूनच तर ते तिकडे जात नाहीत.

आमच्या पुण्यातल्या कंपूत त्यांना बकेटवाले काका म्हणतात. सारी नोकरी पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांत गेली, तीही क्वालिटीत. त्यामुळे निवृत्तीनंतर माणूस सुटला तरी तपासणी सुटली नाही. रोजच्या दोन बकेटांचा हिशेब वहीत असतो. परवाचं पान त्यांनी मला दाखवलं: "ठीक 34, उजवीकडे 51, बोलू नये 15." एकूण शंभर. उजवीकडे जाणाऱ्या बॉलला गोल्फमध्ये स्लाइस म्हणतात आणि बहुतेक हौशी उजखोऱ्या खेळाडूंना तो जन्मजात असतो. काकांनी त्याच्यावर चार वर्षं काम केलं आहे. चार वर्षांपूर्वी तो जायचा त्याच जागी आजही जातो, फक्त आता जास्त सातत्याने जातो.

काकांचा एक नियम आहे, शेवटचा बॉल चांगला गेल्याशिवाय घरी जायचं नाही. नियम चांगला आहे, पण बॉललाही तो कळत असावा. एकोणपन्नासावा बॉल सरळ दोनशे यार्ड जातो आणि पन्नासावा मॅटच्या कडेवरून बेडकासारखा उड्या मारत निघतो. मग काका आणखी एका बकेटचं टोकन आणायला जातात. काकूंना नाश्त्याची वेळ सांगून ठेवण्याचा प्रघात त्यामुळे कधीच बंद झाला.

आता या सरावाचा ताळेबंद मांडायचा तर असा. साधारण पार 72 च्या कोर्सवर पार-तीनचे चार, पार-चारचे दहा आणि पार-पाचचे चार होल असतात. म्हणजे ड्रायव्हर हा सगळ्यांत लांब दांडा जास्तीत जास्त चौदा वेळा बाहेर काढायचा. उलट ग्रीनवर पोचल्यावर प्रत्येक होलला दोन पुट धरलेले असतात, म्हणजे पारच्या बहात्तरातले छत्तीस फटके पुटरचे, निम्मे. काका शंभरातले सत्तर बॉल ड्रायव्हरने मारतात आणि पुटर त्यांच्या बॅगेत छत्रीसारखा असतो, लागला तर हवा म्हणून. रेंजच्या शेजारीच पुटिंग ग्रीन आहे, फुकट आहे. फुकट आहे म्हणूनच काका तिकडे फिरकत नसावेत अशी मला शंका होती. विचारलं तर म्हणाले, "तिथं आवाज येत नाही हो."

यात त्यांचं चुकतं असं नाही. मनापासून लागलेल्या ड्राइव्हचा आवाज हा खरोखर ऐकण्यासारखा असतो. पण 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमधल्या गोल्फच्या शेवटच्या फेरीला आपण सगळे पहाटे उठून ज्या मुलीचा खेळ बघत बसलो होतो, त्या अदिती अशोकचे ड्राइव्ह तिच्याबरोबर खेळणाऱ्यांच्या कितीतरी मागे पडत होते. ती चौथी आली ती पुटरच्या जोरावर. काकाही त्या पहाटे उठले होते. तिचे लांबलांबचे पुट आत पडताना त्यांनी टाळ्याही वाजवल्या. सहा वाजता रेंजवर येऊन सत्तर ड्राइव्ह मारले.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे इतिहास आहे. 1457 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली, ती का? तर लोक हा खेळ खेळण्यात धनुर्विद्येचा सराव बुडवायला लागले म्हणून. "म्हणजे बघा," काका म्हणतात, "सरावाच्या आड आला तो खेळच." इतिहासानंतर विजय सिंग येतो. फिजीत जन्मलेला हा गोल्फर बोर्निओत शिकवणीचं काम करता करता उन्हात बॉल मारत बसायचा, आणि मोठा झाल्यावरही अंधार पडेपर्यंत रेंज सोडायचा नाही. 2004 मध्ये त्याने टायगर वुड्सकडून पहिला नंबर घेतला. मी म्हटलं, काका, त्या वर्षी त्याने नऊ स्पर्धा जिंकल्या, त्या रेंजवर नव्हत्या. काका म्हणाले, "त्या नंतरच्या. आधी काय केलं ते बघा."

खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती काकांनी मला एकदाच, चहा पिताना, नकळत सांगितली. रेंजवर बॉल मारला की तो गेला. कुठे गेला ही रेंजवाल्याची काळजी. त्याची जाळीवाली गाडी येते आणि तुमचे चांगले, वाईट, बोलू नये ते सगळे बॉल एकत्र गोळा करून नेते. (त्या गाडीवर मात्र रेंजवरचे सगळेच जण नेम धरतात. दिवसभरातला तेवढाच काय तो एकाग्र सराव.) कोर्सवर आपण मारलेल्या बॉलकडे आपल्यालाच चालत जावं लागतं, आणि तेही चौघांदेखत.

मी यावर हसलो, पण हसण्याचा मला अधिकार नाही. मी काकांच्या बरोबर उलट्या जातीचा. गाडी लावायची, बूट चढवायचे आणि थेट पहिल्या टीवर. सराव हा माझ्या लेखी पहिले पाच होल. सहाव्याला हात सुटतात, तेव्हा स्कोअर सुटलेला असतो. गेली दहा वर्षं मी एकाच चुकीचे अठरा नमुने दर रविवारी सादर करतो आणि ती दुरुस्त करायला एक बकेट बॉल मारावेत हे मला दर सोमवारी सुचतं. माझा कॅडी एकदा म्हणाला होता, "साहेब, तुम्ही आणि ते बकेटवाले, दोघांना मिळून एक चांगला प्लेअर होईल."

तर एका रविवारी आमचा चौथा भिडू लग्नाला गेला आणि आम्ही काकांना रेंजवरून उचलून आणलं. "वॉर्म-अप अर्धाच झालाय," असा निषेध करत ते आले. पहिल्या टीवर त्यांनी पवित्रा घेतला तो इतका देखणा की मागच्या फोरबॉलमधला एक जण मोबाइल काढून शूट करायला लागला. फटका बसला. बॉल नेहमीच्या शिस्तीत उजवीकडे वळला आणि झाडीत गेला.

आणि मग ती गोष्ट घडली. काकांनी मान वरसुद्धा न करता ड्रायव्हरचं डोकं उजवीकडे लांब केलं आणि पुढचा बॉल ओढून घ्यायला ते गवतावरून फिरवलं. तिथे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा फिरवलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पायाशी बकेट नव्हती. ते त्या रिकाम्या गवताकडे असे बघत राहिले, जशी रात्री दिवे गेल्यावर माणसाची बोटं भिंतीवर बटण शोधत राहावीत.

"चला साहेब, शोधू," कॅडी म्हणाला.

बॉल शोधायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं मिळतात. 2019 पर्यंत पाच मिळायची, पण काकांना पन्नासही कमीच पडली असती, कारण त्यांना बॉल शोधण्याची सवयच नव्हती. ते झुडपात शिरून बॉल दिसला नाही की पुढचं झुडूप न बघता "कसा काय उजवीकडे गेला" याचा विचार करत उभे राहत. मॅटवर बॉलच्या मागे लागलेला दांडा घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते, इथे तोच दांडा मातीत रुतून वीतभर ढेकूळ वर येऊ लागलं. मॅट सपाट असते, इथे एक पाय चढावर तर एक उतारावर. दुसऱ्या होलपासून काका प्रत्येक फटक्याआधी वाकून जमिनीकडे बघू लागले, जणू ती कोणी मुद्दाम तिरकी करून ठेवली होती.

सहावा होल पार-तीनचा, एकशेचाळीस यार्ड. कॅडीने न विचारता सात नंबर हातात दिला. काकांना विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण मागचे लोक घाई करत होते. बॉल सरळ उठला, ग्रीनवर पडला, आणि दोन पुटांत (दुसरा तर फूटभरच) काकांचा पार झाला. नऊ होल संपले तेव्हा स्कोअर 61 होता, पण काका त्या तिनाव्यतिरिक्त कशाविषयीच बोलत नव्हते. आम्हाला वाटलं, माणूस मार्गी लागला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ते तिसऱ्या मॅटवर होते. सात नंबर हातात. काल सापडलेला तो स्विंग हरवू नये म्हणून ओळीने शंभर बॉल त्याच दांड्याने मारायचा कार्यक्रम चालला होता. साठाव्या बॉलपर्यंत तो स्विंग हरवला होता.

मग मीच मधे पडलो. त्यांना सांगितलं की एकच फटका ओळीने घोटण्यापेक्षा फटके मिसळून घोटलेले जास्त टिकतात, याचे प्रयोग झालेत. 1986 चा एक आहे, अमेरिकेतला. बॅडमिंटनच्या तीन तऱ्हेच्या सर्व्हिस काहींना एकेक करून शिकवल्या, काहींना मिसळून. पुढे परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेले पुढे होते. "बॅडमिंटन," काका तुच्छतेने म्हणाले. मी आठवण दिली की त्या खेळाला एके काळी आपल्याच गावावरून 'पूना' म्हणायचे. हे काम करून गेलं. पुण्याचा संबंध निघाल्यावर शास्त्राला मान द्यावा लागतो. मी सुचवलं, रेंजवरच मनातल्या मनात कोर्स खेळा. आधी ड्रायव्हर, मग आयर्न, मग पिच. दर बॉलला दांडा बदला, नेम बदला.

आठवड्याने गेलो तर काका बाकावर बसून वही लिहीत होते. चेहऱ्यावर तेज.

"आज सेंट अँड्र्यूज खेळलो," ते म्हणाले. "ओल्ड कोर्स. एक्काहत्तर."

"पुट कसे मोजलेत?"

"प्रत्येक ग्रीनवर दोन धरले."

"तीन एकदाही नाही?"

"तिथली ग्रीन चांगली ठेवतात हो." मग वही किंचित माझ्यापासून लांब धरून म्हणाले, "सतरावा सोडून."

सतरावा म्हणजे तो प्रसिद्ध रोड होल. तिथे टीवरून हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून बॉल काढावा लागतो आणि उजवीकडे गेला की संपलं.

"सोडून का?"

"तीन हॉटेलात गेले." काकांनी रिकामी बकेट उचलली. "चौथ्याला बॉलच संपले."

आणि ते टोकन आणायला निघाले.