मरीनातला मंगळवार

दुबई मरीनात बिअर प्यायची तर आधी हॉटेल गाठावे लागते. समुद्राचे पाणी सुमारे तीन किलोमीटर आत खेळवून इथे कालवा काढला आणि दोन्ही काठांना मनोरे उभारले. त्यातला कयान टॉवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत 90 अंशांत पिळलेला आहे. येताना तो वाकडा दिसणे साहजिक. परतताना सरळ दिसला तर मुकाट टॅक्सी बोलवावी. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर असतो तसा गुत्ता मात्र इथे नाही. मद्याचे परवाने बहुतांशी हॉटेलांकडे आणि क्लबांकडे, त्यामुळे वाट संगमरवरी लॉबीतून, अत्तराच्या घमघमाटातून जाते. रस्त्यावर पेला हातात दिसणे हा गुन्हा.

दारावर वय विचारतात. एकविशीच्या आतल्याला मद्य मिळत नाही. पन्नाशीच्या गृहस्थाकडे पासपोर्ट मागितला की त्याची कळी खुलते आणि ही गोष्ट तो नागपूरला परतल्यावरही सांगत राहतो. पिण्यासाठी परमिट लागते हा कायदा महाराष्ट्रात 1949 पासून आहे, पण तिथे ते कोणी मागत नाही, त्यामुळे असा आनंदही मिळत नाही.

आत मंडळी मोठी अगत्याची. वेटर नेपाळचा किंवा फिलिपिन्सचा. दुसऱ्या खेपेला तो नाव लक्षात ठेवतो. त्याला ‘इथली लोकल बिअर कुठली?’ असे विचारले की तो आयर्लंड, बेल्जियम, मेक्सिको अशी यादी अदबीने पुढे करतो. यात त्याचा दोष नाही. अमिरातीत बिअर गाळायला परवानगीच नव्हती. अबू धाबीने 2021 मध्ये नियम सैल केले आणि 2023 च्या अखेरीस तिथल्या अल मारिया बेटावर ‘क्राफ्ट बाय साइड हसल’ ही ब्रुअरी सुरू झाली. त्याआधी याच मंडळींची बिअर अमेरिकेत तयार होऊन जहाजाने यायची आणि अमिरातीची म्हणून प्यायली जायची. म्हणजे मरीनाच्या दृष्टीने स्थानिक बिअर शंभरेक किलोमीटरवरची. पुणेकराने साताऱ्याला आपली गल्ली म्हणावे तसे. पुण्याची गोष्ट निराळी. तिथे 2009 मध्येच डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली आणि टाकीतली ताजी बिअर शेजारच्याच टेबलावर येऊ लागली. क्राफ्ट बिअरची खरी मजा या ताजेपणात असते, आणि त्या बाबतीत पुणेकराने दुबईत नाक वर केले तर ते क्षम्य आहे.

पहिला घोट घेण्याआधी मराठी माणूस गुणाकार करतो. एका पेल्याचे चाळीस-पन्नास दिरहम, दिरहमाचे विसाहून जास्त रुपये. हिशेब हजाराच्या पुढे सरकला की फेसाकडेही आदराने पाहिले जाते आणि तो वाया जाऊ दिला जात नाही. चखण्याला मसाला शेंगदाणे नसल्याची तक्रार त्यानंतर होते.

या हिशेबावर उतारा म्हणजे ‘लेडीज नाइट’. दुबईत अनेक ठिकाणी हा मान मंगळवारचा. बायकांना काही पेले फुकट, नवऱ्यांना पूर्ण दर. मराठी घरातली अडचण अशी की मंगळवार गणपतीचा. वहिनींचा उपवास असतो, त्या दारूला एरवीही शिवत नाहीत, पण फुकटची कुपने परत करणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. आपली कुपने यजमानांना चालतील का, अशी त्या चौकशी करतात. वेटर हसून नाही म्हणतो. मग लिंबाचे सरबत मागवले जाते, तेही कुपनावर बसते का हे विचारून.

सोबत बहुधा शारजात राहणारा मेहुणा असतो. तिथे घरभाडे कमी, पण दारूबंदी आहे, आणि मेट्रो तिथवर जात नाही. त्यामुळे गाडी त्यालाच चालवायची असते. भारतात रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. दुबईत थेंबाचीही नाही. तेव्हा मरीनाला जाणाऱ्यांनी मेहुण्यासाठी न विचारता सोडा-लिंबू सांगावे, आणि त्याचे बिल तरी आपण भरावे.