आठ बाय चारचा समन्वय

पुण्या-मुंबईच्या सुस्थित मध्यमवर्गीय सदनिकांमध्ये अलीकडे जो सांस्कृतिक समन्वय साधला गेला आहे, त्याची दखल इतिहासकारांनी अद्याप घेतलेली नाही, ही खेदाची बाब होय. कारण दीन-ए-इलाही स्थापून अकबराला जे जमले नाही, ते बाणेरचा किंवा ठाण्याचा इंटिरिअर डिझायनर साडेसातशे चौरस फूट कार्पेट क्षेत्रात, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बाहेरच्या भिंती वगळून उरणाऱ्या वापरायोग्य जागेत, दिवाळीच्या आत करून देतो.

या समन्वयाचा सध्याचा आद्य सिद्धांत ‘जपान्डी’ हा आहे. जपान आणि स्कँडिनेव्हिया यांच्या साधेपणाचा हा संकर असून फिकट लाकूड, मोकळ्या भिंती व मोजक्या वस्तू ही त्याची लक्षणे, आणि त्या मोजक्या वस्तूंना लागणारा अमाप खर्च हे व्यवच्छेदक लक्षण. त्याच्याच जोडीने ‘वाबी-साबी’ येते, म्हणजे अपुरेपणात, झिजण्यात आणि डागाळण्यात सौंदर्य पाहणारी जपानी दृष्टी. ती बाणवण्यासाठी दिवाणखान्याच्या भिंतीला चुन्याचा ढगाळ गिलावा चौरस फुटाच्या दराने करून घेतला जातो. मात्र वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या गळतीने शेजारच्या खोलीत तोच परिणाम फुकटात साधला, की सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रार जाते. जमिनीलगतची बैठकही जपानी पद्धतीचीच घ्यावी लागते, कारण घरातले पाट आणि चौरंग मागच्या पिढीने केव्हाच माळ्यावर टाकलेले असतात. गावाहून आलेल्या आजोबांना त्या बैठकीवरून उठता येत नाही, तेव्हा ड्राय बाल्कनीतून, म्हणजे वॉशिंग मशीन, केरसुणी आणि कांदे-बटाटे यांना नेमून दिलेल्या सज्जातून, प्लास्टिकची खुर्ची आणली जाते आणि फोटोपुरती पुन्हा आत लपवली जाते.

समोरच्या भिंतीवर वारली असते. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहावा, तो सवाशिणींनी लिहावा आणि त्यात पालघट देवी बसवावी, अशी ही मुळातली विधीची कला; डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणून जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सदनिकेत ती व्हिनाइलच्या वॉलपेपरवर छापून येते. तारपा, म्हणजे दुधी भोपळा व बांबू यांचे फुंकवाद्य, वाजवणारा वादक मध्यभागी आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वळत जाणारी साखळी, हे या चित्रातले प्रसिद्ध दृश्य आहे. परंतु भिंतीचा मध्य पंचावन्न इंची दूरचित्रवाणी संचासाठी राखीव असल्याने वादक त्याच्या मागे गडप होतो, आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेले नाचकरी सेट-टॉप बॉक्सभोवती वर्षानुवर्षे फेर धरून राहतात. चौक काढायला डहाणूहून कोणाला बोलवावे, असा प्रस्ताव क्वचित निघतो आणि ‘ते किती दिवस राहतील?’ या प्रश्नावर बारगळतो.

वाड्याचा दिंडी दरवाजा, म्हणजे मोठ्या दाराच्या फळीत माणूस वाकून जाईल एवढे ठेवलेले छोटे दार, आता काच टाकून चहाचे टेबल झाला आहे. भाडेनियंत्रणाने, १९६१ च्या पानशेतच्या पुराने आणि पुढे पुनर्विकासाने पुण्यातले वाडे गेले; दोन खणांत संसार करून सकाळी संडासापुढे रांग लावणाऱ्या भाडेकरूचा नातू त्याच वाड्याचे दार हप्त्यांवर विकत घेतो आणि त्याला ‘आमचा वारसा’ म्हणतो, यात निदान हप्ते तरी खरे आहेत.

समन्वयाचा कळस बुद्धापाशी गाठला जातो. गल्ल्यावर किंवा दाराशी बसणारा, पोट सुटलेला ‘लाफिंग बुद्धा’ हा गौतम नव्हे, तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू, हा तपशील फेंगशुईच्या, म्हणजे चिनी वास्तुविद्येच्या, विक्रेत्यास गौण वाटतो. मिटल्या डोळ्यांचे बुद्धमस्तक मात्र ‘शांत पीस’ म्हणून हवेच असते आणि वास्तुतज्ज्ञ त्याला ईशान्येला जागाही काढून देतात. महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून बुद्ध हा येथील असंख्य घरांत शोभेचा नव्हे तर वंदनेचा विषय आहे. अशाच एखाद्या घरातले कुटुंब भाड्याने जागा पाहायला आले, की जिच्या प्रत्येक मजल्यावर बुद्ध आहे त्या सोसायटीचे पदाधिकारी आधी आडनाव विचारतात, मग जेवणात काय चालते ते विचारतात, आणि जागा कालच गेल्याचे कळवतात. मूर्तीला ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही.

हा सर्व समन्वय प्रत्यक्षात राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेले सुतार आठ बाय चार फुटी प्लायवूडवर उभा करतात. त्यांना जपान, डेन्मार्क आणि पेशवाई हे सनमाइकाच्या वहीतले तीन क्रमांक म्हणून माहीत असतात. काम चालू असेतो ते त्याच जपानी दिवाणखान्यात, भुशावर चादर अंथरून, खरोखरीच जमिनीवर जेवतात आणि झोपतात. पण लिफ्ट त्यांनी सामानाचीच वापरायची असते, आणि वास्तुशांतीनंतर आत यायचे तर फाटकावर नाव नोंदवून, वरून फोन आल्यावरच यायचे असते. तसा फोन वर्षभरात एकदा तरी जातो, कारण बिजागरी सैल होते. आणि करारनाम्याप्रमाणे वर्ष उलटले असेल, तर ती कोणत्याही संस्कृतीची असो, दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतात.