डेट्रॉइटजवळ राहून गाडीला पिकअप नाही

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
ऑक्टोबर अखेर

ती. आई-बाबांस,


आई, "गाडीचं काय झालं ते सविस्तर लिही, फोनवर तू आणि बाबा एकदम बोलता," असं तू म्हणालीस, म्हणून हा पत्रप्रपंच. तुझ्यापुरता सारांश आधीच देते: गाडी ठणठणीत आहे, पैसे वाचले आणि जावई सुखरूप आहेत. पुढचं बाबांना दे.

बाबा, दुखणं असं होतं. उभी गाडी शांत, गल्लीबोळात शहाण्यासारखी. पण महामार्गावर शिरताना ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, मग एक आचका, आणि मग पळणार. इथल्या 696 नंबरच्या महामार्गावर ताशी 70 मैलांची, म्हणजे जवळजवळ 113 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. मागून अठरा चाकांचा ट्रक येत असताना गाडीनं 'जाऊ की नको' म्हणत बसणं परवडत नाही. अशा वेळी मंदार रामरक्षा पुटपुटायचा. ती त्याला पाठ आहे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

तुम्ही म्हणाल, मोटारींच्या माहेरघरात राहता, विचारा की कोणाला! विचारलं. इथल्या मराठी मंडळींत दगड भिरकावला तर तो ऑटोमोबाइल इंजिनिअरलाच लागेल. कोजागरीला मसाला दुधाचे पेले हातात घेऊन सगळ्यांनी गाडीभोवती कोंडाळं केलं. गिअरबॉक्सवाले म्हणाले, गिअरबॉक्स. ब्रेकवाले म्हणाले, ब्रेक चिकटत असणार. सॉफ्टवेअरवाल्यांनी सॉफ्टवेअरला दोष दिला आणि सीट डिझाइन करणारे काका तेवढे गप्प राहिले. निदानं भरपूर झाली. बॉनेट उघडायचा खटका नेमका कुठे आहे, यावर मात्र एकमत होईना.

मग गॅरेज. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली आणि कागद हातात ठेवला: आधी पेट्रोलचा पंप बदलू, नाही जमलं तर कॉइल, मग प्लग. मंदारनं बेरीज केली आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्या रात्री तुम्ही व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकून म्हणालात, "हवा-पेट्रोलचं जमत नाहीये, मिश्रण पातळ होतंय." (त्यानंतर "जरा तिरकी करून बघा" म्हणालात, ते स्कूटरच्या सवयीनं, असं मी धरते.) निदान तंतोतंत होतं. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक खाच असते. त्यात लावायचं आगपेटीएवढं यंत्र मागवलं, फोनला जोडलं. उत्तर आलं: पी 0171. म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय.

पण कोड म्हणजे नुसती तक्रार. गुन्हेगाराचं नाव त्यात नसतं. हवा कुठून चोरून आत शिरते आहे, की पंप दमलाय, की हवा मोजणारा सेन्सर चुकतोय? तेव्हा चि. ईशान मागच्या सीटवर फोन घेऊन बसला आणि गाडीचा संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जादा पेट्रोल ओततोय, ते आकडे मोठ्यानं वाचू लागला. उभ्या गाडीत "सहा!" चढावर जोर दिला की "बावीस! आई, बावीस!" फाटक्या नळीतून हवा शिरत असती तर उलटं झालं असतं: उभ्या गाडीत आकडा मोठा आणि वेगात लहान. म्हणजे नळी निर्दोष सुटली. उरले पंप आणि सेन्सर. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मंदारनं सेन्सरची वायर सरळ उपटून ठेवली. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटला, पण आचका गायब! मोजणाऱ्याला बाजूला बसवल्यावर संगणकानं आपल्या अंदाजानं पेट्रोल दिलं आणि गाडी सुधारली. पंप दमला असता तर अशी सुधारली नसती.

आई, आता हे तुलाही कळेल. पंगतीत पानं किती मांडली हे सांगणाराच कमी आकडा सांगू लागला, तर आचारी भात कमीच टाकणार. आचारी चांगला, तांदूळ भरपूर, तरी पाहुणे उपाशी. हवेच्या वाटेवर एक बारीक तार असते, ती विजेवर तापती ठेवतात. जितकी हवा वाहील तितकी ती निवते, आणि तिला पुन्हा तापवायला लागलेल्या विजेवरून हवेचा हिशेब होतो. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकानं तेल लावून पुन्हा पुन्हा वापरायचा एअर फिल्टर बसवला होता. त्यातलं तेल तारेवर, तेलावर धूळ. पांघरूण घेतलेल्या तारेला वारा लागेना.

उपाय? इंजिन गार असताना दोन स्क्रू काढले, सेन्सर बाहेर घेतला. ती तार केसाएवढी. उजेडात धरली तर राखाडी लव दिसत होती. बोट लावायचं नाही, फडकं नाही, कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रेही नाही. याच सेन्सरसाठी वेगळा स्प्रे मिळतो, पंधरा डॉलरच्या आतबाहेर. लांबून फवारे मारले, पूर्ण वाळू दिलं, साधा कागदी फिल्टर घातला आणि कोड पुसला. आता चढावर ईशान ओरडतो, "तीन!" आणि मंदारची रामरक्षा थांबली आहे. आई, ती निदान शनिवारी तरी म्हणावी, असं मी सांगितलंय.

बाबा, तुमची गाडी 2016 ची, म्हणजे तुमच्याही स्टिअरिंगखाली तशी खाच असणार. तुमच्या गॅरेजवाल्यानं "पंप बदलून बघू" म्हटलं की आधी आकडे दाखवायला सांगा. नाही दाखवले तर मला फोन करा. आणि कृपा करून गाडी तिरकी करू नका.

तुमची,
ज्योती

ता. क. गिअरबॉक्सवाल्यांचा फोन आला होता. त्यांचीही गाडी आचके देतेय आणि त्यांना मंदार नको, ईशान हवाय. फी म्हणून दिवाळीच्या चकल्या ठरल्या आहेत. तो म्हणतो, निदानाच्या वेगळ्या, दुरुस्तीच्या वेगळ्या.