श्वास एक, मापं दोन

समजा, दोन पुरुष आहेत. वय सारखं, उंची सारखी. दोघांनी स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वास मोजणाऱ्या यंत्रात, जोर लावून फुंकलं. दोघांच्याही फुफ्फुसांतून 2.9 लिटर हवा बाहेर आली. गोऱ्याच्या रिपोर्टवर शेरा पडला, ‘क्षमता कमी’. कृष्णवर्णीयाच्या रिपोर्टवर पडला, ‘नॉर्मल’.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याला तसंच शिकवलं होतं.

हिशेब सोपा आहे. गोऱ्या पुरुषाकडून यंत्राची अपेक्षा समजा 4 लिटरची. 2.9 म्हणजे 72 टक्के, रूढ 80 टक्क्यांच्या रेषेखाली. कृष्णवर्णीय माणूस असेल तर अपेक्षेतूनच 15 टक्के कापायचे. उरले 3.4. आता तेच 2.9 लिटर 85 टक्के ठरतात. दम तितकाच लागतो, पण कागदावर आजार उरत नाही!

अमेरिकेत ही 10 ते 15 टक्क्यांची वजावट अनेक दशकं चालली. ती आली कुठून?

1846 साली लंडनच्या जॉन हचिन्सनने दोन हजारांहून जास्त माणसांना स्पायरोमीटरमध्ये फुंकायला लावलं आणि फुफ्फुसांची क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवलं. काही वर्षांतच यंत्र अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरच्या हाती लागलं. हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक. त्याने जाहीर केलं की काळ्यांची फुफ्फुसं 20 टक्क्यांनी उणी असतात आणि सक्तीची मेहनत त्यांच्या भल्याचीच असते.

निकाल आधी लागला होता, मोजमाप मागाहून आलं.

मग यादवी युद्ध झालं. सैनिकांची मोजमापं 1869 मध्ये बेंजामिन गूल्डने छापली. कृष्णवर्णीय सैनिकांचा आकडा पुन्हा कमी. त्यांतले कितीतरी नुकतेच गुलामीतून सुटलेले. त्यांनी लहानपणी काय खाल्लं, कुठे राबले, कसल्या खोपट्यात झोपले? हे प्रश्न बाजूला राहिले आणि आकडा तेवढा पुढे गेला.

1978 मध्ये अमेरिकेने सूतगिरण्यांतल्या कामगारांना कापसाच्या धुळीपासून वाचवायला नियम केला. गिरणगावाला ही धूळ वेगळी सांगायला नको. नियम चांगलाच होता, पण त्यातही तरतूद होती की कृष्णवर्णीय कामगाराचा अपेक्षित आकडा 0.85 ने गुणायचा. म्हणजे धूळ दोघांनी सारखीच गिळायची, पण काळ्या कामगाराचं नुकसान उशिरा दिसणार.

1999 मध्ये तर बाल्टिमोरच्या कोर्टात ओवेन्स कॉर्निंग कंपनीने हीच वजावट पुढे केली. अ‍ॅस्बेस्टॉसने छाती खराब झाल्याचा दावा कृष्णवर्णीय माणसाने केला, तर त्याची फुफ्फुसं गोऱ्यापेक्षा जास्त खराब असल्याशिवाय तो ऐकू नये, अशी मागणी होती.

आता कळलं, वजावट कुणाच्या खिशात जाते?

2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने सांगितलं की अपेक्षित आकडा काढणारी, वंशावर बेतलेली समीकरणं सोडा, सगळ्यांना एकच वापरा. 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा हिशेब आला. एकच माप लावलं तर अमेरिकेत सुमारे 1.25 कोटी लोकांच्या रिपोर्टचा अर्थ बदलू शकतो आणि कृष्णवर्णीय माजी सैनिकांची अपंगत्वाची भरपाई वर्षाला 100 कोटी डॉलरहून जास्त वाढू शकते.

एवढा पैसा एका गुणाकारात अडकला होता.

एकच माप आलं की सगळं सुटलं, असंही नाही. आकडा खाली गेला म्हणून धडधाकट माणसाची अग्निशामक दलातली नोकरी जाऊ शकते, कॅन्सरच्या रुग्णाची शस्त्रक्रिया नाकारली जाऊ शकते. म्हणून रेषा सरकवून थांबू नका, समोरच्या माणसाला धाप कधी लागते तेही विचारा.

आणि आपण? 2012 च्या जागतिक समीकरणांत गोरे, आफ्रिकी-अमेरिकन, ईशान्य आणि आग्नेय आशियाई असे गट होते. भारतीयांसाठी वेगळा गट नव्हता. शंभर कोटींहून जास्त माणसं ‘इतर’मध्ये!

17 देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांची क्षमता उत्तर अमेरिका आणि युरोपपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी कमी निघाली. अंगाची ठेवण थोडी वेगळी असेल, मान्य. पण चुलीचा धूर, कमी वजनाची बाळं, अर्धपोटी बालपण, यांचं काय? फुफ्फुसं वाढतात ती त्याच वयात. हे सगळं ‘भारतीयांचं असंच असतं’ म्हणून वजा केलं, तर धुराला क्लीन चिट मिळते.

आपल्याला आपली समीकरणं हवीतच. पण ती धूर न गिळलेल्या, पोटभर जेवून वाढलेल्या माणसांवरून बांधा. नाहीतर आजारालाच आपण सरासरी म्हणू.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. स्पायरोमेट्री झाली की ‘टक्के कशाच्या तुलनेत काढले?’ असं डॉक्टरांना विचारा. आणि जुना रिपोर्ट फेकू नका. दोन वर्षांपूर्वीपेक्षा तुमचा दम किती घटला हे सांगायला तुमचा वंश लागत नाही, तुमचाच जुना आकडा लागतो.