खुनी कोण, हे परतवाड्याला माहीत आहे

परतवाड्याच्या माणसाला दार करकरवून घाबरवता येत नाही. मेळघाटचं सागवान उतरतं ते आमच्या गावात. आरामशिनींचा आवाज आणि ओल्या भुश्शाचा वास यांतच आम्ही लहानाचे मोठे झालो. दार करकरलं की आमच्याकडचा माणूस किंचाळत नाही, तो लाकूड ओळखतो. 1985 च्या उन्हाळ्यात ‘पुराना मंदिर’ गावात लागला. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं दोनशे वर्षं जिच्यात बंद आहे ती पेटी पडद्यावर आली. सगळी टॉकीज श्वास रोखून बसली होती, आणि माझ्या शेजारचे सुतारकाका मोठ्यानं म्हणाले, “हे सागवान नोय बाप्पा. आंब्याचं हाये. दोनशे वर्स टिकते का कुठं?”

पुढचा अर्धा तास लोक घाबरले, पण ते पेटी मोडेल या काळजीनं.

मी तिथे असायला नको होतं. पिक्चरला ‘ए’ प्रमाणपत्र होतं आणि मी नववीत होतो. दारावर वय विचारलं तेव्हा मी आवाज जाड करून अठरा सांगितलं. डोअरकीपर म्हणाला, “तुह्या बापाच्या वरातीत मी नाचलो बे, अडुसष्ट साली. कर हिशोब.” हिशोब काही केल्या जमेना. पण दुपारचा खेळ होता, बाहेर ऊन भाजत होतं आणि आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून मी अठरा वर्षांचा झालो.

या पिक्चरना बी ग्रेड म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. शब्द अमेरिकेचा. तिकडे 1930 च्या दशकात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा तो ए, आणि त्याच्या जोडीला स्वस्तात उरकलेला तो बी. म्हणजे मिरच्या-कोथिंबीर. आमच्याकडे जोडीला काही नसायचं, बी हाच मुख्य भाजीपाला. शिवाय सिनेमाच्या धंद्यात गावांनाही दर्जे असतात. मोठी शहरं ए, जिल्ह्याची गावं बी आणि आमच्यासारखी सी. त्यात आमचं आणखी एक दुखणं असं, की तालुक्याला नाव अचलपूरचं आहे, परतवाड्याचं नाही. दर्जा बी, प्रमाणपत्र ए आणि गाव सी, अशा तीन अक्षरांत माझं सगळं चित्रपटशिक्षण झालं.

पिक्चर यायचे अमरावतीहून. अमरावती आणि भुसावळ ही वितरकांची गावं. त्यांच्या इलाख्याला धंद्यात अजूनही ‘सीपी-बेरार’ म्हणतात. त्या नावाचा प्रांत 1950 सालीच नकाशावरून पुसला गेला, पण हिशोबाच्या वह्यांत तो वावरतो आहे. भुताची यापेक्षा सरळ व्याख्या मला माहीत नाही. अमरावतीच्या चौकांचंही तेच. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक, प्रभात चौक. टॉकीजची नावं चौकांना चिकटली ती कायमची. त्या चौकांतून निघून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढायच्या आणि पन्नासेक किलोमीटर धूळ खात आमच्या स्टँडवर उतरायच्या. हमाल त्या हातगाडीवर घालून टॉकीजकडे न्यायचा आणि आम्ही पोरं मयतीला चालल्यासारखी मागून चालायचो. पेटीवर खडूनं पिक्चरचं नाव लिहिलेलं असे. आधीच्या चार-पाच पिक्चरांची नावं खाली अर्धवट पुसलेली. ‘जय संतोषी माँ’च्या पोटातून ‘दरवाजा’ डोकावतोय, असं मी स्वतः पाहिलं आहे.

‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल मला अतोनात आदर आहे आणि तो विनोदानं घेऊ नये अशी विनंती आहे. मूळ आडनाव रामसिंघानी. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर दुकान मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आलं आणि मग वडिलांना सिनेमाचं वेड लागलं. 1970 साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. तो आपटला. पण पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा चढवून चोरीला शिरतात त्या प्रसंगाला पब्लिक ओरडतं, हे पोरांनी थिएटरात बसून टिपलं. सगळा पिक्चर पडला आणि एक प्रसंग उभा राहिला, तर उभा राहिला तोच धरायचा. मग श्रीनगरच्या हाऊसबोटीत बसून सातही भावांनी छायाचित्रणाचं एक इंग्रजी पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं वाचून काढलं. एकानं कॅमेरा घेतला, एकानं आवाज, एकानं संकलन, दोघांनी दिग्दर्शन. 1972 साली घरच्या बायकामाणसांसकट सगळे महाबळेश्वरला गेले, बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला आणि ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. मला यात कुठेही भूत दिसत नाही. वऱ्हाडात सामायिक शेती अशीच करतात. फरक इतकाच, की रामसेंची वाटणी बरीच उशिरा झाली.

त्यांच्या पिक्चरांची नावं ओळीनं वाचून बघा. दरवाजा, गेस्ट हाऊस, हॉटेल, पुराना मंदिर, तहखाना, पुरानी हवेली, बंद दरवाजा. सार्वजनिक बांधकाम खात्याची दुरुस्तीची यादी वाटते. आणि सामरीचं काम करणारा तो सहा फुटांवरचा नट रुरकीत शिकलेला इंजिनिअर होता हे समजलं, तेव्हा मला वाटलं, चला, यादीवर सही करायलाही माणूस आहे.

खरं तर त्यांनी महाबळेश्वरपर्यंत जायला नको होतं. आमच्या डोक्यावर चिखलदरा आहे. धुकं फुकट, दरी फुकट. आणि त्या जागेचं नाव एका खुनावरून पडलंय असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकला, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. महाभारतातला तो प्रसंग एकदा निव्वळ पटकथा म्हणून वाचावा. रात्रीची वेळ, नाचण्याची रिकामी शाळा, बाई बोलावते म्हणून नटूनथटून आलेला माणूस, अंधारात पलंगावर पांघरूण घेऊन पडलेलं कुणीतरी. सकाळी प्रेताचे हात कुठले नि पाय कुठले ते लोकांना ओळखू येत नाहीत. फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकेच्या काळोख्या गुन्हेपटांना ‘नोआर’ म्हणायला 1946 साल उजाडलं. व्यासांना इतका वेळ लागला नव्हता.

आता एका रिळाची गोष्ट.

1983 च्या दिवाळीत टॉकीजला ‘गुमनाम’ पुन्हा लागला. मूळ पिक्चर 1965 चा, दिग्दर्शक राजा नवाथे. (‘पाठलाग’ राजा परांजप्यांचा, त्यावरून निघालेला ‘मेरा साया’ राज खोसलांचा. रहस्याच्या प्रांतात राजे फार.) विमान सात जणांना अनोळखी किनाऱ्यावर सोडून निघून जातं, जंगलात एक हवेली, हवेलीत मेहमूद जेवण वाढून तयार, आणि मग एकेक माणूस मरायला लागतो. प्रिंट इतकी जुनी होती, की पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस पडत होता, हवेलीच्या आतसुद्धा. उरलेल्यांतला खुनी कोण हे आता कळणार, अशा नेमक्या ठिकाणी पडदा पांढरा झाला. ऑपरेटरनं घाईघाईत पुढच्या आठवड्याच्या पिक्चरचं ट्रेलर लावलं. त्यात घोड्यावरून धर्मेंद्र आला. मागच्या रांगेतला एक म्हातारा धर्मेंद्रलाच खुनी धरून घरी गेला आणि मरेपर्यंत त्याचं मत बदललं नाही.

शेवटचं रीळ पेटीतून आलंच नव्हतं. कुठे राहिलं ते कुणालाच सांगता येईना. हेलनचा नाच शाबूत होता म्हणून पैसे कुणी परत मागितले नाहीत. पण गावात खून झालेला होता आणि खुनी मोकळा होता.

पुढचे कित्येक महिने परतवाड्यात दुसरा विषय नव्हता. आरामशिनीवरचे मुनीम म्हणत, मेहमूद. कारण स्वयंपाक त्याच्या हातात आणि त्याच्यावर संशय कुणी घेत नाही. शाळेतल्या बाई म्हणत, नंदा. इतकी साधी बाई साधी नसते. सलूनवाल्याचा ठाम दावा मनोजकुमारवर होता. “थो तोंडावर हात काऊन ठेवते?” वस्तरा गालावर थांबवून तो विचारायचा. “केलं असन म्हणूनच ना!” वस्तरा गालावर असताना कोण नाही म्हणणार? सुतारकाका मात्र बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी रंधा खाली ठेवून त्यांनी शांतपणे एक नाव घेतलं, त्यामागचा सगळा तर्क उलगडून सांगितला, आणि तो इतका घट्ट बसला, की हळूहळू अख्ख्या आळीनं तेच मान्य केलं. खटला संपला.

मध्ये एकदा कुणाचा तरी पुतण्या कॉलेजच्या सुट्टीत आला. त्यानं अमरावतीत पूर्ण ‘गुमनाम’ पाहिला होता. त्यानं खुन्याचं नाव सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “थो अमरावतीचा असन. इथचा येगळा हाये.”

मी हे पिक्चर जमवायला लागलो त्याचं मूळ त्या रिळात असावं. बायकोच्या मते मूळ रिकामटेकडेपणात आहे. आधी कॅसेटी जमवल्या. दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर बुरशी आली आणि भुतांना खरोखर पांढरी दाढी फुटली. मग व्हीसीडी आल्या. बंद पडणाऱ्या दुकानांतून मी त्या तुरीसारख्या वजनावर उचलल्या. गाण्यांची चार-चार पानी पुस्तकं, फाटकी पोस्टरं, ‘हा खेळ सावल्यांचा’च्या तीन प्रती. त्या तीन का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि घरात ते रोज विचारलं जातं. हे सगळं सागवानी पेटीत ठेवलं आहे. पेटी सुतारकाकांनीच करून दिली. “मुंडकं ठेवतं का इच्यात?” एवढंच त्यांनी विचारलं होतं.

पुढे फोनवर परदेशी मालही दिसू लागला. 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ तर सगळ्यांसाठी मोकळा आहे. शीर्षक बदलताना हक्काची ओळ पडद्यावर टाकायची राहून गेली आणि पिक्चर सार्वजनिक झाला. एका ओळीच्या विसराळूपणानं मेलेली माणसं जगभर फुकट हिंडायला लागली. 1942 चा ‘कॅट पीपल’ मला जास्त आवडतो. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्याकडे पैसा बेताचा, म्हणून बाईची बिबट होते ते दाखवायचंच टाळलं. नुसती सावली, पोहण्याच्या तलावावर हलणारा उजेड आणि एक गुरगुर. रात्री दीडला मी तो बघत होतो आणि गुरगुर ऐकू आली. हेडफोन काढला तरी ऐकू आली. आमच्या भागात मेळघाट नावाचा व्याघ्रप्रकल्प 1974 पासून आहे आणि जनावरं हद्द वाचत नाहीत. शेवटी ती गुरगुर बायकोच्या घोरण्याची निघाली, पण ते मी तिला सांगितलेलं नाही आणि इथे छापून आल्यावर सांगायची गरजही उरणार नाही.

मात्र एक गोष्ट जमत नाही. पुसून-धुऊन लखलखीत केलेल्या प्रतीत सामरीच्या मुखवट्याची शिवण दिसते. मानेपाशी रंग संपतो तेही दिसतं. टॉकीजच्या त्या मेलेल्या दिव्यात, सिगारेटच्या धुरात, रिळावरच्या पावसात हे काहीच दिसायचं नाही. रामसेंचं निम्मं काम आमचा ऑपरेटर करायचा. शेजारी ओरडायला कुणी नसेल तर मला भीतीच वाटत नाही. मी मुकाट्यानं बसून शिवण मोजतो.

गेल्या दिवाळीत ‘गुमनाम’ची पूर्ण प्रत घेऊन सुतारकाकांकडे गेलो. आता ऐंशी ओलांडली आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, हातातला रंधा केव्हाच सुटला. मुलानं टीव्ही लावून दिला. काकूंनी चिवडा आणला. मेहमूदला काका हसले, हेलनच्या नाचाला नातसुना आत गेल्या. मग ती जागा आली, जिथे चाळीस वर्षांपूर्वी पडदा पांढरा झाला होता. मी काकांकडे पाहत बसलो. पडद्यावर खुनी उघड झाला, आपण हे का केलं ते त्यानं सविस्तर सांगितलं. नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी पिक्चर पाहिला नसेल त्यांच्यासाठी, आणि मला परतवाड्यात राहायचं आहे म्हणून.

काकांनी घेतलेलं नाव ते नव्हतं.

पिक्चर संपला. काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि म्हणाले, “हे मागून जोडलं हाये बाप्पा. जोड देल्ला का समजते मले.”