दोन नंबरचा धूर

पहाटे पाचला समोरच्या गच्चीवरून हाक येते, "तुमचं दोन नंबरचं चाललंय!"

दिघीत प्लॉट आणि गुंठे यांच्यामुळे या वाक्याला एक ठरलेला अर्थ आहे. ही हाक सुरू झाल्यापासून कोपऱ्यावरचा वाणी मला आपणहून उधार देऊ लागला आणि चाकणला कामाला जाणारी आमची भाडेकरू पोरं मला 'शेठ' म्हणू लागली. प्रत्यक्षात मी पहिल्या पाळीची बस गाठायची म्हणून मागच्या अंगणात बंब पेटवत असतो आणि नाना माझ्या धुराला नंबर देत असतात.

नाना म्हणजे निवृत्त बॉयलर अटेंडंट. भोसरीच्या कारखान्यात आयुष्य गेलं. 1923 च्या बॉयलर कायद्याखालचं सेकंड क्लास सर्टिफिकेट त्यांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय, लग्नाच्या फोटोच्या वर. नोकरी संपली, बॉयलर भंगारात गेला, पण धुराकडे बघायची नजर मोकळी राहिली आणि ती आमच्या आळीवर पडली. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने 1888 च्या सुमारास धुराचा काळेपणा मोजायचा तक्ता काढला. कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या. शून्य म्हणजे पांढरा, पाच म्हणजे ठार काळा. नानांनी तो कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः आखलाय. तो खरं तर दिवसाउजेडी वापरायचा असतो. नाना रस्त्याच्या दिव्यावर भागवतात आणि "अंधाराचा अर्धा नंबर वजा" करतात. माणूस न्यायी आहे. मुंबईत 1912 साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, आणि एके काळी बॉयलर तपासणाऱ्या खात्याच्या नावातच 'स्मोक न्यूसन्स' हे शब्द होते. ते शब्द गेले आणि महाराष्ट्राची घसरण सुरू झाली, असं नानांचं मत.

एका रविवारी ते काकूंचा स्वयंपाकाचा वजनकाटा घेऊन आमच्या अंगणात उतरले. माझ्या बाभळीच्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या. भद्द असा आवाज आला.

"हे लाकूड आहे की कलिंगड? ताज्या तोडीत निम्मं पाणी असतं. तुम्ही आंघोळीच्या आधी लाकडातलं पाणी तापवताय."

प्रत्येक ढलपीवर खडूने तारीख पडली, वजन पडलं. दर रविवारी पुन्हा तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. शेकडा वीसच्या आत ओल हवी, आणि मग आपटल्यावर टण्ण वाजतं. बाभूळ वाळेपर्यंत काय जाळायचं? चाकणच्या कारखान्यांत यंत्रं ज्या लाकडी पॅलेटवर येतात ती भंगारवाल्याकडे मिळतात. नाना त्यांवरचे शिक्के पत्रिका वाचल्यासारखे वाचतात. 'एचटी' म्हणजे किडे मारायला तापवलेलं लाकूड, चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, अंगणातसुद्धा नको. रंगवलेलं किंवा प्लायचं दिसलं तर भंगारवाल्यालाच बोलणी बसतात.

पण नानांचा खरा जीव नळीत. बंबाच्या मधोमध जाणारी ती तांब्याची नळी, जिच्यात जाळ असतो आणि जिच्याभोवती पाणी. "पाण्याला टेकलेलं तांबं शंभर डिग्रीच्या वर जातच नाही," नाना सांगतात, "आणि लाकडाचा न जळलेला धूर म्हणजे डांबराची वाफ. थंड भिंत दिसली की चिकटली." हे ऐकेपर्यंत मी समजत होतो की माझा बंब जुना झाला म्हणून उशिरा तापतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजोबांनी घेतलेला बंब, बिचाऱ्यावर भलताच आळ. नानांनी लांब दांड्याचा गोल ब्रश नळीत घातला आणि खाली परात धरली. त्यांच्या लेखी काजळीच्या तीन पायऱ्या आहेत: भुकटी, पोपडा आणि काकवी. भुकटी झटकली की जाते. पोपडा खरवडावा लागतो. काकवी म्हणजे काळी, चकचकीत, ब्रशला दाद न देणारी. ती धुराड्यात पेट घेते. माझ्याकडे तिन्ही निघाल्या. काकवी बघून नाना क्षणभर गहिवरले. नोकरीत इतका वाईट नमुना मिळाला नसावा.

मग शिक्षण. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाली कागद पेटवून वर लाकडं कोंबत आलो. त्यात वरचं लाकूड धुमसतं आणि त्याची वाफ जाळ लागायच्या आत नळीला जाऊन बसते. नानांची रीत उलटी: जाळीवरची राख काढायची, खालची हवा मोकळी ठेवायची, बारीक चिरलेली लाकडं तळाला, करवंट्या वर, आणि काडी सगळ्यात वर. खालून उठलेला धूर ज्वाळेतून गेल्याशिवाय सुटत नाही. आणि थोरल्यांच्या आंघोळीनंतर बंब गच्च भरून, झाकण ठेवून, धाकट्यांसाठी 'दाबून ठेवायची' जी घरोघरची पद्धत, तिला नाना गुन्हा म्हणतात. लहान जाळ, भडक जाळ, हवा तेव्हा पुन्हा.

दोन महिन्यांत मी शून्यावर आलो. सकाळी नाना गच्चीवर तक्ता धरून उभे. वर आकाश, खाली मी, मध्ये काहीच नाही. "पेटवलाय ना?" त्यांनी विचारलं. आवाजात शाबासकी नव्हती. आळीतल्या बाकीच्या बंबांच्या जागी केव्हाच गॅसचे गीझर आले होते. नाना तीन दिवस गच्चीवर दिसले नाहीत. वाण्याने उधारीची वही काढली.

चौथ्या दिवशी काकू आल्या. दारातच उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एखादं ओलं लाकूड टाकत जा हो. काल माझ्या फोडणीला साडेतीन नंबर दिला त्यांनी."

आता दर गुरुवारी एक ओली ढलपी टाकतो. रविवारी नळी घासतो.